बांधावरची तिपाई

प्रवासवर्णन लिहिणाऱ्याने निदान नर्मदा ओलांडलेली असावी, असा एक समज आहे. मी सीना ओलांडली. तीही पुलावरून, सायकलवर बसून, आणि खाली पाणी घोट्याएवढे होते. तरी लिहितो आहे. आमच्या नगरची माणसे काश्मीरला जाऊन येतात आणि तिथली झाडे कशी लाल होतात ते दिवाळीच्या फराळाला बसल्यावर सांगतात. पण आपल्याच शहराच्या बाहेर आश्विनात माळ कसा दिसतो असे विचारले, तर चकलीकडे पाहतात. सत्तर सालच्या दसऱ्याच्या आगेमागे मी तो माळ पाहून आलो. सगळा प्रवास सायकलच्या टप्प्यातला होता आणि प्रत्येक वेळी जेवायला नाही तरी झोपायला घरी होतो. त्यामुळे या लेखात साहस कमी आहे.

मी एका वाचनालयात ग्रंथपाल आहे आणि रविवारी फोटो काढतो. माझा कॅमेरा घडीचा आहे. झाकण उघडले की भाता बाहेर येतो आणि पाहणाऱ्याला आता पेटी वाजणार असे वाटते. तो मी मायदेशी परतणाऱ्या एका मिशनरी बाईंकडून घेतला. त्यात एका रोलवर बारा फोटो निघतात. समोरची वस्तू किती लांब आहे हे मात्र त्याला आपण आकडा फिरवून सांगावे लागते. अंदाज चुकला की माणूस धुरकट येतो आणि त्याच्या मागचा उकिरडा स्वच्छ. म्हणून मी शिंप्याकडे असते त्याहून बरीच लांब अशी एक फीत जवळ बाळगतो आणि अंतर मोजून घेतो.

नगरमध्ये हौशी छायाचित्रकारांचे एक मंडळ आहे. त्यात अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्यवाह, सहकार्यवाह, खजिनदार आणि मी आहोत. दिवाळीनंतर 'शरद-वैभव' नावाचे प्रदर्शन भरवायचे असा ठराव मंडळाने एकमताने केला आणि वैभव गोळा करण्याचे काम सभासदांवर सोपवले. उपाध्यक्ष सबनीस वकील माझे मित्र आहेत, म्हणून ते बरोबर यायला तयार झाले. वकिलांकडे कॅमेरा नाही. त्यांच्याकडे साहेबी सोला हॅट आहे.

केडगाव

पहिली फेरी नवरात्रात केडगावच्या देवीला. पहाटेपासून शहरातल्या बायका अनवाणी पुणे रस्त्याने चालत जातात. कोवळे ऊन, ओली धूळ आणि त्यात उमटलेली पावले, असा फोटो माझ्या मनात होता. मी रस्त्याच्या कडेला कॅमेऱ्याची तिपाई उभी केली आणि भाता उघडला. एवढ्यात एक कुटुंब समोर येऊन उभे राहिले. त्यांच्या मागे दुसरे आले. देवीच्या दर्शनाची रांग सोडून काही मंडळी आमच्या रांगेत आली, कारण ती लहान होती.

आपल्याकडे शहरात फोटोच्या वेळी 'हसा' म्हणायची पद्धत पडली आहे. इथे फोटोत हसणे म्हणजे फोटो वाया घालवणे. प्रत्येकाने हात मांडीला चिकटवले, मान ताठ केली आणि पोलीस पाटलासमोर उभे राहावे तसा चेहरा केला. एका नारळवालीने आपले नारळ शेंड्या एका बाजूला येतील असे लावून घेतले आणि मग त्यांच्या मागे उभी राहिली. "आमची येवस्था लावा आधी, आमाला गिऱ्हाईक हाय," ती म्हणाली. रोल धुतला तेव्हा त्यात बारा अनोळखी कुटुंबे होती. पाऊल एकही नव्हते.

"माणसे नसतील तिथे जाऊ," वकील म्हणाले.

महालाच्या पाठीमागे

म्हणून दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही चांदबीबीच्या महालाकडे निघालो. भिंगारमध्ये लष्कराच्या एका पहारेकऱ्याने तिपाईची घडी पाहून आम्हाला थांबवले आणि हे कोणते हत्यार आहे असे विचारले. वकिलांनी हॅट काढून कायदा सांगायला सुरुवात केली. कायदा संपण्याच्या आत त्याने कंटाळून जायला सांगितले. वकिलीचा असाही उपयोग असतो.

चांदबीबी या महालात कधी राहिली नाही. ते सलाबतखानाचे थडगे आहे, पण नगरकरांना थडग्यापेक्षा महाल बरा वाटला आणि सलाबतखानाने हरकत घेतली नाही. वर वारा होता आणि कमानीतून सगळा मुलूख दिसत होता. पाऊस यंदा बरा झाला होता. डोंगराच्या उतारावरचे गवत वाळून सोनेरी झाले होते, खाली बाजरीची कापणी चालली होती आणि मध्येच फुललेल्या कारळ्याचे पिवळे चौकोन पसरले होते. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर पिवळा करडा येतो, हिरवाही करडा येतो आणि सोनेरी तर जास्तच करडा येतो. तरी मी बरेच फोटो काढले.

उतरताना आम्ही पलीकडच्या बाजूने गेलो. तिथे एक गाव आहे. त्याचे नाव सांगत नाही, कारण दावा अजून चालू आहे. गावाबाहेर दोन शेतांच्या मधला एक बांध लागला. त्यावर एक कडुनिंब, थोडे अलीकडे एक अर्धा पुरलेला दगड आणि कमरेइतके कुसळाचे गवत. ऊन मागून येत होते आणि प्रत्येक कुसळ पेटल्यासारखे दिसत होते. रोलमध्ये एकच फोटो उरला होता. मी बांधावर तिपाई रोवली. वकिलांनी फितीचे टोक धरले आणि हॅट सावरत कडुनिंबाकडे चालू लागले. मी आकडा वाचला, खटका दाबला आणि रोल संपला.

तेवढ्यात दोन्ही बाजूंनी एकेक माणूस धावत आला.

उजवीकडून आलेला थोराड होता, पांढरा फेटा आणि हातात चाबूक. "थांबा! मला नोटीस न्हाई, काय न्हाई, आन मोजनी कशी काय लावली?"

डावीकडून आलेल्याच्या हातात विळा होता, डोक्याला टॉवेल. "अर्ज कुनी केला ते आधी सांगा. आन ती फीत उचला. मला इचारल्याबिगर हितं फीत पडायची न्हाई."

तिपाई, फीत आणि सोला हॅट. यावरून दुसरा काही अर्थ निघत नाही हे मला उशिरा कळले. सरकारी मोजणीदार आल्याची बातमी आमच्या आधी गावात पोचली होती.

दोघे सख्खे भाऊ होते. थोरल्याचे नाव रावसाहेब आणि धाकट्याचे कारभारी. आमच्या जिल्ह्यात मुलाचे नाव ठेवतानाच साहेब जोडून देतात, म्हणजे पुढे त्यासाठी सरकारवर अवलंबून राहावे लागत नाही. वाटणी झाल्यापासून दर पेरणीला दुसरा बांध कोरतो, नांगराचे एक तास, म्हणजे एक चर, आपल्याकडे ओढून घेतो, असे प्रत्येकाचे म्हणणे होते. या हिशेबाने बांध दोन्ही बाजूंना सरकायला हवा होता. कोर्टात दावा होता आणि एकमेकांशी बोलणे बंद होते. जे सांगायचे ते वकिलांच्या मार्फत चालले. वकील मध्ये उभे होते आणि त्यांना हे काम सवयीचे होते.

"त्यांना इचारा, दगड कुनी हलवला," रावसाहेब म्हणाले.

"त्यांना म्हनावं, दगडाला पाय फुटत न्हाईत."

"मंग दोन पायाच्यानंच हलवला असंल, म्हनावं."

"आम्ही मोजणीवाले नाही," वकील म्हणाले. "आम्ही फोटो काढतो आहोत."

"कशाचा?"

"गवताचा," मी म्हणालो.

"गवताचा?" दोघे एकदम म्हणाले. बऱ्याच वर्षांत दोघा भावांच्या तोंडून एका वेळी एकच शब्द निघाला असावा, कारण दोघेही त्यानंतर थोडे ओशाळले.

खळ्यावरून एक म्हातारी आली. लुगड्याला बाजरीचे कण चिकटलेले, कपाळावर हात धरून उन्हात बघत होती. ती या दोघांची आई, हौसाबाई. तिने तिपाई पाहिली, हॅट पाहिली आणि मग बराच वेळ दोन मुलांकडे पाहिले.

"साहेब, फोटू काढता व्हय? मंग आमा तिघांचा काढा की. आत्ता हितं दोघं हायेत."

"मावशी, रोल संपला."

"कशात संपला?"

"गवतात."

तिने गवताकडे पाहिले. "ते काय," ती म्हणाली, "दर साल येतं."

तोवर मुले आपापल्या शेतात निघून गेली होती. म्हातारी आम्हाला सडकेपर्यंत पोचवायला आली. वाटेत तिने बाजरीतली काकडीसारखी दोन वाळके तोडून आमच्या हातात दिली आणि आपले काम सांगितले. तिची वाटणीही झाली होती, पुनवेपासून पुनवेपर्यंत: एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे. मागचा अधिक महिना कोणाच्या खात्यावर धरायचा यावरून भांडण झाले होते.

"मेल्यावर भितीला फोटू लावत्यात," ती म्हणाली. "हे दोघं दोन लावतील. दोन घरात दोन म्हाताऱ्या. मला तसं नगं. एकच फोटू पायजे, मधी मी आन दोन अंगाला दोघं. म्हंजी मला हार घालायचा तर भावाचं तोंड बघावं लागंल. मी जिती हाय तवर भांडू द्या. मी गेल्यावर एकमेकाला इसरून जातील, त्याचं भ्या वाटतंय."

मी पुढच्या रविवारी येतो म्हणालो. वाळूक गोड होते. मी गावाकडचे आणि शहरातले यांची तुलना करणार होतो, पण शहरात वाळूक मिळत नाही.

शेंगोळी

पुढच्या रविवारी नवा रोल घेऊन गेलो आणि वाटेत एकही फोटो काढला नाही. शरद-वैभव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते. वकील प्रत्येक वळणावर ते मला दाखवत होते आणि मी पायडल मारत होतो.

हौसाबाई धुतलेले लुगडे नेसून बांधावर बसली होती. एकटी. आम्ही मोजणीवाले नाही हे आता सगळ्यांना ठाऊक होते, त्यामुळे धावत कोणी आले नाही. रावसाहेबांचा निरोप होता की फोटो त्यांच्या अंगणात निघेल, थोरले घर आहे; भाऊ आला तर हाकलणार नाहीत. कारभारींचा निरोप होता की फोटो त्यांच्या अंगणात निघेल, तिथे ऊन चांगले येते. भाऊ आला तर पाणी विचारतील. दोन अंगणांच्या मध्ये एक बोळ होता आणि तो ओलांडायला कोणी तयार नव्हते.

म्हातारीचा महिना थोरल्याकडे चालू होता, म्हणून जेवण तिथे झाले. शहरात पाहुण्याला 'चहा घेणार का?' असे विचारतात आणि तो नको म्हणतो. इथे विचारत नाहीत. हुलग्याची शेंगोळी, बाजरीची भाकरी आणि ठेचा समोर आला. शेंगोळी म्हणजे हुलग्याच्या पिठाची बोटाएवढी वेटोळी, लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवलेली. ती एकदा खाल्ली की दिवसभर दुसरे काही लागत नाही. वकिलांनी ठेचा चटणी समजून घेतला आणि नंतर कितीतरी वेळ एकही युक्तिवाद केला नाही.

"वकीलसाहेबांना गूळ दे गं," रावसाहेब बायकोला म्हणाले. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "शेजारी जेवले असते तर एवढं तिखट न्हाई मिळालं. तिकडं हात आखडता हाय."

"मावशी, तुमचा एकटीचा काढू का?" मी विचारले.

"एकटीचा न्हाई."

"इतक्या लांबून आलेत," सून म्हणाली.

"मंग जातील परत. सायकल हाय त्यांना."

निघताना ती सायकलच्या दांडीला हात लावून उभी राहिली. "पुढल्या बारीला घरी येऊ नका. सरळ बांधावर तिपाई रोवा. टोपीवाल्या साहेबाला बी आना. फीत टाका. मंग बघा."

"पण मावशी, ते खोटं होईल."

"तुमी काय बोलूच नका. खोटं बोलायला तोंड लागतं. तिपाईला हाय का तोंड?"

परतीच्या वाटेवर वकिलांनी या मुद्द्यावर बराच विचार केला. कायद्यात तिपाईविरुद्ध काही नाही, असे त्यांचे मत पडले.

बांधावर

दिवाळीनंतरच्या रविवारी गेलो तेव्हा बाजरी निघाली होती आणि ज्वारी गुडघ्याला आली होती. गवत जनावरांनी खाऊन टाकले होते, त्यामुळे बांध, दगड आणि कडुनिंब पहिल्यापेक्षा स्वच्छ दिसत होते. बांधावर एक खुर्ची होती आणि खुर्चीशेजारी शमुवेल मास्तर. ते गावातल्या शाळेचे शिक्षक. दर रविवारी नगरला प्रार्थनेला जातात, पण आज म्हातारीने त्यांना अडवले होते.

"थोरल्याकडची खुर्ची आणली तर धाकटा म्हणेल, त्याची खुर्ची माझ्या बांधावर कशी," मास्तरांनी मला समजावले. "आणि उलट तसेच. म्हणून शाळेची आणली. शाळेवर अजून कोणी दावा लावलेला नाही."

मी तिपाई रोवली. वकिलांनी हॅट घातली आणि काही न बोलता फीत सोडली. बोलले असते तरी कोणी ऐकले नसते, कारण उजवीकडून रावसाहेब आणि डावीकडून कारभारी निघालेलेच होते. जवळ आल्यावर कारभारी थांबले.

"आयला, हे तर तेच. गवतवाले."

"चला, कामं पडल्यात," रावसाहेब म्हणाले आणि वळले.

हौसाबाई एव्हाना खुर्चीवर बसली होती. खुर्चीवर बसायची सवय नसल्याने तिने पाय वर घेतले होते. ती मोठ्याने बोलली नाही.

"जायचं तर जा. कोर्टात बांधाची साक्ष माझी हाय. कुनाचा बांध कुठवर हुता ते तुमच्या बापाच्या मागं मीच सांगनार. आज जो हितनं पयला हालंल त्याचा बांध न्हाई, असं मी मास्तरांच्या म्होरं सांगते. मास्तर, ऐकताय ना?"

"ऐकतो आहे, मावशी," मास्तर म्हणाले.

दोघे थांबले. मग, थांबायचेच आहे तर नीट थांबावे या विचाराने, रावसाहेबांनी उजवा पाय बांधावर टाकला. ते पाहून कारभारींनी डावा टाकला. म्हातारी मध्ये आणि दोन्ही बाजूंनी एकेक पाय. वकिलांनी फितीचे टोक तिच्या नाकापर्यंत नेले. तिने ते माशी समजून उडवले. मी आकडा फिरवला. ढग नव्हता, वारा नव्हता, कोणी हसत नव्हते. मी खटका दाबला.

"झाला," मी म्हणालो.

कोणी हलले नाही.

मला वाटले, ऐकू गेले नसेल. पुन्हा सांगितले. रावसाहेब समोर पाहत म्हणाले, "तुमचा झाला. आमचं काय?" कारभारींनी बांधावरच्या पायावर भार दिला. म्हातारीने अट घातली होती ती फोटो होईपर्यंत नव्हे, आज. आणि दिवस पुष्कळ शिल्लक होता. वकिलांनी थर्मासमधला चहा काढला. मास्तर बांधाच्या टोकाला बसले.

असा वेळ गेला. सावल्या थोड्या सरकल्या. मग पलीकडे रावसाहेबांचा एक बैल दावे तोडून चालत आला आणि कारभारींच्या ज्वारीत शिरला.

कारभारींनी आधी वकिलांकडे पाहिले. वकिलांच्या तोंडात चहा होता. शेवटी कारभारींना सरळ भावाशी बोलावे लागले.

"तुझा बैल माझ्या ज्वारीत गेलाय."

"दिसतंय मला."

"मंग हाकल की."

"मी न्हाई हालत. तू हाकल. ज्वारी तुझी हाय."

"मी हाललो की बांध गेला. लई शाना हाय तू."

"मंग खाऊ दे. त्योच हाय, लहानपनी तुला पाठीवर घेतलेल्या पवळ्याचा नातू."

"पवळ्यानं मला पाडलं हुतं."

"तू शेपूट पिरगाळलं म्हनून पाडलं. आन मार मला बसला."

"बसनारच. थोरला तू हुतास."

हौसाबाईचे पाय खुर्चीवर, हात मांडीवर, नजर समोर. बैल शांतपणे खात होता. त्याला बांध ठाऊक नव्हता. मी दुसरा फोटो काढावा का, असा विचार केला आणि काढला नाही. कॅमेऱ्याचा आवाज झाला तर ते बोलायचे थांबतील असे वाटले.

ज्वारीचा एक कोपरा साफ झाल्यावर म्हातारी म्हणाली, "आता पुरं. दोघं एकदम निघा. मास्तर, तुमी मोजा."

शमुवेल मास्तर उठले आणि शाळेत कवायतीला मोजतात तसे "एक, दोन, तीन" म्हणाले. तीनला दोघांनी एकदम पाय उचलला. दोघेही बैलाकडे धावले. एकाने त्याला शिव्या दिल्या, दुसऱ्याने शेपूट धरले. मग दोघे पुन्हा आपापल्या बाजूला गेले आणि बोलणे पुन्हा बंद झाले.

वैभव आणि पुरावा

फोटो नीट आला. मास्तरांच्या हाती मी एक प्रत म्हातारीला पाठवली आणि दुसरी मंडळाला द्यावी लागली, कारण माझे शरदातले बाकी सगळे फोटो नुसते करडे निघाले होते. मंडळाने तिला 'एकोपा' असे नाव दिले. उद्घाटनाला सहकारातले एक मोठे गृहस्थ आले होते. त्यांच्या गळ्यात इतके हार होते की त्यांना समई दिसेना. कार्यवाहांनी हात धरून ज्योत लावून घेतली. एकत्र कुटुंबपद्धतीवर ते पुष्कळ बोलले. माझ्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाले, "पाहा, ही दोन लेकरं आईच्या शेजारून हलायला तयार नाहीत!" हे विधान अक्षरशः खरे होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी रावसाहेब वाचनालयात आले. पुस्तकांच्या कपाटांकडे त्यांनी तलाठ्याच्या दप्तराकडे पाहावे तसे अदबीने पाहिले आणि पिशवीतून म्हातारीची प्रत काढली.

"ह्याची मोठी परत पायजे. दगड साफ दिसंल अशी. हे बघा, दगड लिंबाच्या कोनच्या अंगाला हाय?"

"डाव्या."

"झालं मंग. म्हंजी त्यानं माझ्या अंगाचा दगड उचलून तिकडं रोवलाय. फोटूच बोलतोय."

मी त्यांना समजावले की फोटो असे काही बोलत नाही. मी दोन हात डावीकडे उभा राहिलो असतो तर तोच दगड कडुनिंबाच्या उजव्या अंगाला दिसला असता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"पर तुमी उभे न्हाई ना राहिले," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात कारभारी आले. प्रत तीच, भावाने घरी नेऊन ठेवली होती आणि म्हातारीच्या महिन्याबरोबर ती बोळ ओलांडून इकडे आली होती. त्यांनाही मोठी हवी होती.

"दगड नको," ते म्हणाले. "पाय पायजे. त्याचा पाय बघा. माझ्या बांधावर उघडउघड पाय टाकलाय. वर ताठ मानेनं फोटू काढून घेतोय."

"तुमचाही आहे की बांधावर पाय."

"माझा माझ्या बांधावर हाय."

मी फोटो सबनीस वकिलांना दाखवला. त्यांनी तो चष्मा वर करून, खाली करून पाहिला. "कला म्हणून बेताचा," ते म्हणाले. "पुरावा म्हणून दोन्ही बाजूंना सारखाच उपयोगी. असा कागद मी सगळ्या वकिलीत पाहिला नाही."

थंडी सुरू झाल्यावर

मोठ्या प्रती घेऊन आम्ही शेवटचे गेलो तेव्हा मार्गशीर्ष लागला होता. ऊन तिरपे झाले होते आणि शरदाचे जे काय वैभव होते ते संपले होते. आम्ही आधी थोरल्याकडे गेलो. रावसाहेबांनी चौकट आधीच करून आणली होती. प्रत आत बसवली आणि देवाच्या फडताळाशेजारी खिळा ठोकून लावली. बायको म्हणाली, "भावजींना कशाला लावताय देवाशेजारी? कातरीनं कापा की तेवढं." रावसाहेब तिच्यावर ओरडले, "येडी का काय? त्याच्या म्होरंच दगड हाय. त्याला कापला तर दावा गेला."

मग बोळ ओलांडून धाकट्याकडे. तिथेही चौकट तयार होती, काच मात्र जाड. कारभारी फोटोवरची धूळ टॉवेलने पुसत होते आणि पुसताना भावाच्या पायावर जरा जास्त वेळ थांबत होते. "पोरांनो, ह्याला हात लावायचा न्हाई," त्यांनी घरात बजावले. "थोरल्या काकाचा पाय हाय त्यात. लाखमोलाचा."

म्हातारी अंगणात सुपाने बाजरी पाखडत होती. तिचा महिना इकडे चालू होता. मी तिला सांगितले की दोन्ही घरी लावला आहे, अख्खा लावला आहे, कोणी कापणार नाही. तिने मान हलवली. हे तिला आमच्या आधीच माहीत असावे. तिला दुसरेच काही विचारायचे होते. तिने सूप खाली ठेवले आणि वकिलांकडे पाहिले.

"टोपीवाले साहेब, तुमी वकील हाय म्हनं. हा दावा किती दिस चालंल?"

वकिलांना माणसे हा प्रश्न नेहमी विचारतात आणि ते नेहमी खोटे उत्तर देतात. म्हातारीचा चेहरा पाहून त्यांनी पहिल्यांदाच खरे सांगितले.

"मावशी, खोटं कशाला सांगू? अपील, मग त्यावर अपील. नातवंडांपर्यंत जाईल."

"म्हंजी माझ्या मागं बी?"

"नक्की."

"मंग बरं," हौसाबाई म्हणाली आणि सूप उचलून पुन्हा पाखडू लागली.